ओ येईपर्यंत थांबायचे असते

रंगमंचावर गायक उभा आहे, समोर माइक आहे, त्याचे ओठ हलत आहेत, आणि लोकांना ऐकू येणारा आवाज मात्र त्याने पूर्वी कधीतरी एका बंद खोलीत गाऊन ठेवलेला आहे. अशा वेळी फसवणूक नेमकी कोणाची होते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

प्रश्न आधी फळ्यावर लिहावा आणि मग उत्तराकडे वळावे, ही माझी जुनी सवय. तंजावरच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत पदार्थविज्ञान शिकवले. मोजायला बसणाऱ्याने आपल्या तराजूत काही दोष असेल तर तो आधीच सांगून टाकावा, असे मी मुलींना शिकवीत असे. म्हणून सांगते: मी हे रागात लिहीत आहे. राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमच्यासारख्या येथील घरांत मराठी बोलणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. मला बाळबोध अक्षरे वडिलांनी शिकवली. घरातील माणसांचे बोलणे मी पुढे दिले आहे, ते वाचकांना कळावे म्हणून थोडे पुस्तकी केले आहे. त्यातला तमिळ हेल कागदावर उतरवणे मला जमलेले नाही.

माझ्या भावाचा मुलगा नोकरी सांभाळून तीन मित्रांबरोबर रॉक बँड चालवतो. तो स्वतः गातो आणि गिटार वाजवतो. एक मित्र दुसरी गिटार, एक बेस आणि एक ड्रम वाजवतो. पाचवा वादक लॅपटॉप आहे. तो ड्रमच्या मागे एका स्टुलावर बसतो आणि त्याचे नाव फलकावर लिहीत नाहीत.

त्यांचा कार्यक्रम मी प्रथम पाहिला तेव्हा मला आवाज फार मोठा वाटला, तरी मन लावून ऐकले. मध्येच एका गाण्यात भाचा ड्रमच्या चौथऱ्यावर चढला, एक स्वर उंच धरला आणि तो स्वर धरलेला असतानाच खाली उडी घेतली. पाय फळ्यांवर आदळले. स्वर तसूभरही हलला नाही. उंचावरून खाली आदळणाऱ्या माणसाच्या छातीतली हवा धक्क्याने बाहेर पडते. त्या क्षणी स्वर तुटतो किंवा निदान कापतो. हे समजायला पदार्थविज्ञान लागत नाही. लहान मुलाला मांडीवर उडवताना त्याच्या तोंडून निघणारा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला हे माहीत असते.

दुसऱ्या दिवशी तो घरी इडली खायला आला तेव्हा मी त्याला विचारले. त्याने काहीही लपवले नाही. ड्रम वाजवणाऱ्याच्या कानात लॅपटॉपमधून टिकटिक येते आणि सगळे त्या टिकटिकीवर चालतात. त्याच यंत्रातून मागचे सूर येतात, दिवे कधी लागायचे ते ठरते, आणि जिथे गाणे अवघड आहे किंवा धावायचे आहे तिथे त्याचा स्वतःचाच भरून ठेवलेला आवाज येतो; या भरून ठेवलेल्याला ते ट्रॅक म्हणतात. मोकळ्या मैदानात घसा धुळीने बसतो, वारा सूर उडवून नेतो, आणि लोकांना फोनवर ऐकलेले गाणे जसेच्या तसे हवे असते. मोठमोठे बँडही हेच करतात, असे त्याने सांगितले.

"आवाज माझाच आहे ना, आत्या? दुसऱ्याचा लावला असता तर चोरी म्हणाली असतीस."

मला त्याचे म्हणणे पटले नाही, पण तेव्हा रागही आला नाही. मागे चार सूर यंत्राने भरले तर मी त्याला हरकत घेणार नाही. चौघांना जेवढे वाजवता येते त्याहून गाणे दाट असू शकते. मुख्य आवाजाचे तसे नाही. तरीही तो मामला त्याचा आणि तिकीट काढून आलेल्यांचा आहे, असे समजून मी ताट उचलले.

आता काकींविषयी सांगते. माझ्या धाकट्या काकांच्या त्या पत्नी, म्हणजे माझ्या आईच्या जाऊबाई. दोघीही आता पुष्कळ वयाच्या आहेत. आईला कमी ऐकू येते आणि ती सावकाश बोलते. काकी खुटखुटीत आहेत. आमच्या नात्यातल्या लग्नांत ऊंजलाचे गाणे काकीच म्हणतात. ऊंजल म्हणजे वधूवरांना बसवून झुलवतात तो सजवलेला झोपाळा. ही चाल आम्ही येथील शेजाऱ्यांकडून घेतली, पण गाणे आमचे आहे आणि त्याची रीत आमच्या घराची आहे.

ती रीत अशी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी गाणारी बाई घरातल्या एकेका बाईला हाक घालते. नावाने नाही, नात्याने. "थोरल्या घरची थोरली सून, आहेस का गे?" जिला हाक घातली तिने असेल तिथून ओ द्यायची. ती स्वयंपाकघरात असो, जिन्यावर असो, तिच्या कुशीत मूल झोपलेले असो. ओ आल्याशिवाय पुढचे कडवे सुरू होत नाही. झोपाळा हलत राहतो आणि गाणे थांबते. जी वारली तिच्या जागी तिची लेक किंवा सून ओ देते. एकही हाक रिकामी जाऊ द्यायची नाही. गाणाऱ्या बाईला मात्र हाक नसते, कारण स्वतःला कोण हाक घालणार. काकींनी सासरी आल्यापासून हे गाणे म्हटले आहे. त्यामुळे घरातल्या सगळ्या बायकांना त्या गाण्यात कधी ना कधी हाक आली, काकींना कधीच आली नाही.

या गाण्याला ताल देणारे वाद्य नसते. झोपाळाच ताल देतो. लंबकाचा धडा ज्यांनी शाळेत केला आहे त्यांना आठवेल की दोरी लांब असली की झोका सावकाश, आखूड असली की लवकर, आणि वर कोण बसले आहे याने फारसा फरक पडत नाही. उंच छताच्या मंडपात तेच गाणे संथ होते आणि ठेंगण्या ओसरीवर लगबगीने चालते. काकी आधी दोन झोके नुसत्या पाहतात आणि मग तोंड उघडतात. मी लंबक शिकवताना मनात कायम काकी असत.

भाच्याला हे गाणे बँडमध्ये घ्यावेसे वाटले. त्याचे मित्र तमिळ आहेत आणि त्यांना हाका घालण्याची कल्पना फार आवडली. काकी प्रथम नाही म्हणाल्या. समोर वधूवर नाहीत, झोपाळा नाही, मग गायचे कोणासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. आईने त्यांचे मन वळवले. आमची नातवंडे मराठी ऐकतात, समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. निदान हे गाणे तरी त्यांच्या कानांत राहील, असे आईचे म्हणणे. काकी तयार झाल्या. त्या आईला अक्का म्हणतात आणि अक्कांचा शब्द मोडत नाहीत.

मुले त्यांना तिरुचीला एका स्टुडिओत घेऊन गेली. सरावासाठी तुमचा आवाज हवा आहे, असे त्यांना सांगितले होते. हा शब्द मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे: सरावासाठी. काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवले आणि टिकटिक सुरू केली. परत आल्यावर काकी म्हणाल्या की कानात पाल चुकचुकत होती आणि ती थांबेचना. हाकेनंतर त्या सवयीने थांबत होत्या. आत कोणीच नव्हते, म्हणून ओही नव्हती. मग आपणच मनात ओ म्हणून पुढे गेल्या. त्या थांबलेल्या जागा मुलांनी नंतर कापून टाकल्या, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

कार्यक्रम एका खासगी महाविद्यालयाच्या मैदानावर होता. काकींनी जांभळी पट्टू, म्हणजे रेशमी, साडी नेसली होती. त्यांच्यासाठी रंगमंचावर खुर्ची आणि खुर्चीसमोर माइक ठेवला होता. आईला आणि मला पहिल्या रांगेत जागा दिली होती, कारण पहिली हाक आईला होती. आई सकाळपासून त्या ओची तयारी करीत होती. कितपत मोठ्याने देऊ, असे तिने मला गाडीत दोनदा विचारले.

ड्रम सुरू झाले. काकींनी मान वर केली, तोंड उघडले आणि मैदानभर त्यांचा आवाज घुमला. माझ्या अंगावर काटा आला. पण आवाज फार स्वच्छ होता. काकी पहिल्या दोन ओळींनंतर नेहमी घसा साफ करतात. त्यांचा हात तोंडाशी गेला, छाती हलली, आणि गाण्यात मात्र खोकल्याचा मागमूस नव्हता. मला ते दिसले. त्याचा अर्थ लावायला मला वेळ मिळाला नाही, कारण तोवर हाक आली.

"थोरल्या घरची थोरली सून, आहेस का गे?"

काकींनी तोंड मिटले आणि आईकडे पाहिले. घरी जशा पाहतात तशाच, भुवया किंचित उचलून. आणि त्यांच्या मिटल्या तोंडावरून त्यांचाच आवाज पुढचे कडवे म्हणू लागला.

काकी हलल्या नाहीत. त्यांनी उजवीकडच्या भोंग्याकडे पाहिले, मग डावीकडच्या, मग पुन्हा आईकडे. त्यांच्या मते गाणे थांबलेले होते. हाक घातली आहे, ओ आलेली नाही, म्हणजे गाणे थांबलेले आहे. याहून दुसरे काही त्यांना माहीतच नव्हते. त्या ओठ मिटून वाट पाहत राहिल्या आणि आवाज गात राहिला. मागच्या रांगांतून हसणे सुरू झाले. हातांतले फोन वर गेले. आईला गाणे थांबले की चालू आहे हे नीट ऐकू येत नव्हते. तिला काकींचा चेहरा दिसत होता आणि तेवढे तिला पुरेसे होते. ती खुर्चीच्या हातांना धरून उठली आणि तिने ओ दिली. चांगली खणखणीत दिली. ती पुढच्या कडव्याच्या मधोमध पडली आणि हसण्याचा दुसरा लोंढा आला.

मी वर्गात कधी ओरडले नाही. त्या मैदानात मी ओरडले, बंद करा म्हणून. ड्रमच्या आवाजात ते मला स्वतःलाही ऐकू आले नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. काकींचा मिटलेल्या तोंडाचा तुकडा फोनाफोनांतून फिरला. त्याखाली तमिळमध्ये लिहिले होते की आता पाट्टीसुद्धा नुसते ओठ हलवते. आजीला येथे पाट्टी म्हणतात. म्हणजे जिने आयुष्यात कधी खोटा सूर लावला नाही, ती खोटे गाताना पकडली गेली. काकींच्या मुलाने तो तुकडा त्यांना दाखवला नाही, शेजारणीने दाखवला. त्यांनी तो पूर्ण पाहिला. मग भाच्याला बोलावून घेतले आणि एवढेच विचारले, "माझ्यासमोरचा माइक बंद होता?"

तो म्हणाला, हो. त्या उठून आत गेल्या आणि कुकर उतरवला.

काकींच्या नातीचे लग्न त्यानंतर थोड्याच दिवसांवर आले होते, पापनाशमच्या एका मंडपात. ऊंजलाचे गाणे कोण म्हणणार हा प्रश्न आमच्याकडे कधी पडलेलाच नाही. या वेळी मुलीच्या आईने सहज विषय काढला तेव्हा काकींनी भाजी निवडता निवडता सांगितले, "माझा आवाज त्या पोरांकडे आहे. त्यांसच विचार."

त्या रुसल्या आहेत असे सगळ्यांनी धरले. मला तसे वाटले नाही. त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता, हिशेब होता. आपल्या तोंडावाचून आपला आवाज चालतो हे त्यांनी हजार लोकांसमोर पाहिले होते. मग तोंड उघडायचे कशाला?

मी भाच्याला बोलावले. तो तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसला. मी उभी राहिले. मी त्याला विचारले की धाकट्या आजीला, म्हणजे काकींना, खरे का सांगितले नाही. त्याने सांगितले की ते तिच्याच भल्यासाठी होते. इतके लोक, इतके दिवे. ती घाबरली असती, सूर चुकला असता, लोक हसले असते. तिची लाज राखण्यासाठी त्यांनी माइक बंद ठेवला होता. हे ऐकून मला जो राग आला तो शब्दांत मांडण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. त्याला एवढेच म्हणाले: सूर चुकला असता तर काकी चुकीचा सूर घेऊन घरी आल्या असत्या. तो त्यांचा असता. तुम्ही त्यांना तेवढेही ठेवले नाही.

मग त्याला वाटले की आपल्याला चूक सापडली आहे. "आमचे त्या जागेवर चुकले. हाकेनंतरची जागा कापायला नको होती. पुढच्या वेळी लांब करतो. किती सेकंद ठेवू, आत्या?"

"तुझी आजी ओ देईल तितके."

"पण अंदाजे किती?"

मी त्याला सांगितले की अंदाजे काही नसते. ती बसलेली असेल तर थोडे, झोपलेली असेल तर अधिक, आणि त्या दिवशी तिचे पाय दुखत असतील तर आणखी. तो मान हलवीत होता. माझा विद्यार्थी असता तर मी ओळखले असते की हा मान हलवतो आहे म्हणजे याला कळलेले नाही. मग मी बोलत राहिले तसा तोही चिडला.

"तू तरी वेगळे काय केलेस? दर वर्षी तोच लंबक, तोच फळा, तेच वाक्य. तुझ्या विद्यार्थिनी मला तुझी नक्कल करून दाखवतात. तोसुद्धा ट्रॅकच होता, आत्या."

 यावरचे उत्तर मला दोन दिवसांनी ओरत्तनाडूच्या बसमध्ये, खिडकीतून कालव्याकाठची नारळाची झाडे मागे जाताना सुचले, आणि तेव्हा ऐकायला तो नव्हता. म्हणून येथे लिहिते. वाक्य तेच होते हे खरे. पण मागच्या बाकावर एका मुलीचा हात वर गेला की मी वाक्य अर्धे सोडून थांबत होते.

लग्नाच्या सकाळी पापनाशमच्या मंडपात नादस्वर, म्हणजे येथली लांब सनई, आणि तविल वाजत होते. तविल म्हणजे येथला लग्नातला ढोल. तो वाजवणारा भटजींच्या बोटावर डोळे लावून बसतो. मंगळसूत्र बांधण्याचा क्षण आला की भटजी बोट हलवतात आणि तो जोराने वाजवू लागतो. वराला गाठ मारता आली नाही तर तो वाजवीतच राहतो. मी ते पाहत होते आणि माझ्या मनात बँडविषयी फार वाईट विचार येत होते.

ऊंजल त्याआधी झाला, तो असा. वधूवर झोपाळ्यावर बसले. काकी मागे एका खांबाला टेकून, हात पदरात घेऊन उभ्या होत्या. त्या गाणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हते. इतक्यात भोंग्यातून काकींचा आवाज आला. भाच्याने तो मंडपाच्या ध्वनियंत्रणेवर लावायला दिला होता. त्याला हे प्रायश्चित्त वाटले होते. ड्रम काढून टाकले होते आणि हाकेनंतरच्या जागा लांब केल्या होत्या.

मंडपाचे छत उंच, दोऱ्या लांब, झोका संथ. ट्रॅक तिरुचीच्या टिकटिकीवर चाललेला. झोपाळा ढकलणाऱ्या बायकांनी गाण्याशी जमवून घेण्याचा प्रयत्न केला. लंबकाला घाईने ढकलले की तो अडखळतो, तसा झोपाळा अडखळला आणि वधूने घाबरून दोरी धरली. मग हाक आली. आई खुर्चीत सावरून बसली, तिने श्वास घेतला, तोंड उघडले, आणि भोंग्याने ओ दिली.

त्याने ओसुद्धा भरून ठेवली होती. मैदानातल्या त्या फिरत्या तुकड्यातून आईचीच ओ काढून, साफ करून, लांब केलेल्या जागेत बरोबर मधोमध बसवली होती. आईने तोंड मिटले. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मी दिली का गे?"

यंत्रणा दाराजवळच्या टेबलावर होती. मी तिथपर्यंत चालत गेले आणि तिथल्या माणसाला, वर्गात जसे सांगत असे तसे, बंद करा म्हणून सांगितले. त्याने बंद केले. भाचा त्याच्या शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर लग्नघरात न शोभणारे काही बोलले असते.

मंडप एकदम शांत झाला. झोपाळा हलत होता. भटजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. सगळ्या बायका आता काकींकडे पाहू लागल्या आणि काकी जमिनीकडे. मला गाता येत नाही. हे विनयाने सांगत नाही; शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला मागे उभे करीत. मी झोपाळ्याजवळ गेले, दोन झोके नुसते पाहिले आणि गायला लागले. सूर फार वर लागला होता. कोणीतरी हसू दाबले. मी कडवे संपवले. हाक कोणाला घालायची हे मी ठरवलेले नव्हते. रागात होते. समोर काकी दिसल्या.

"थोरल्या घरची धाकटी सून, आहेस का गे?"

ही हाक आमच्यापैकी कोणीही कधी ऐकलेली नव्हती. काकींनी मान वर केली. त्यांनी ओ दिली नाही. आणि ओ आल्याशिवाय पुढे जायचे नाही ही रीत असल्यामुळे मीही पुढे गेले नाही. झोपाळा येत होता, जात होता. मुलाकडच्या एका गृहस्थाने आता पुरे अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि त्याला त्याच्याच बायकोने गप्प केले. काकींच्या चेहऱ्यावर राग होता. माझ्यावर असावा, पोरांवर असावा, आम्हा सगळ्यांवर असावा. तो त्यांना पुरेपूर येऊ द्यावा असे मला वाटले. मी थांबले. जितका वेळ लागला तितका लागला.

"ओ," काकी म्हणाल्या. आणि मग तितक्याच कोरड्या आवाजात, "सूर खाली घे."

मी सूर खाली घेतला. काकी शेवटपर्यंत खांबाजवळच उभ्या राहिल्या. त्यांनी एक ओळही म्हटली नाही. पुढच्या प्रत्येक हाकेला इतर बायकांच्या ओबरोबर मान तेवढी हलवली. आईची हाक शेवटी आली आणि तिने दिलेली ओ स्वयंपाकघरापर्यंत गेली. त्यानंतरही काकी गायलेल्या नाहीत. मी त्यांना विचारत नाही. नात्यातल्या पुढच्या लग्नात मलाच म्हणावे लागेल असे दिसते, आणि त्या मला दुपारी बसवून चाल शिकवतात, बोटाने गुडघ्यावर झोका दाखवून. गाऊन नाही.

बँडने ते गाणे वगळले आहे. बाकीचा कार्यक्रम पूर्वीसारखाच चालतो, लॅपटॉपसकट. भाचा सणाला येतो, वाकून नमस्कार करतो, मी आशीर्वाद देते. त्यापुढे आमचे बोलणे जात नाही.

आता प्रश्नाकडे वळते. आधी मला वाटले की फसवणूक प्रेक्षकांची होते. पण त्यांना फोनवरचे गाणे हवे होते आणि फोनवरचे गाणे मिळाले. ते हसत घरी गेले. नंतर वाटले, काकींची होते, आणि ते खरेच आहे. परंतु पापनाशमला आईने मिटलेले तोंड मला विसरता येत नाही. आईची ओ खरी होती, वेळेवर होती, तिच्या पायांच्या आणि कानांच्या वेळेवर. भरून ठेवलेल्या आवाजाला ती ऐकू येत नाही, कारण त्याला कान नसतात. म्हणून माझे उत्तर असे की जो ओ देणार असतो त्याची फसवणूक होते. मैदानात हात वर करून गायकाची ओळ त्याला परत म्हणून दाखवणारी पोरे ओच देत असतात. त्यांना वाटते की आपण दिलेली ओ वर पोचली.

मी एकटीने पाहिले, रागात पाहिले, आणि माझे निरीक्षण थोडे आहे. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला जाल तेव्हा दिव्यांकडे पाहू नका. लोक एखादी ओळ गाऊ लागतील आणि थांबणार नाहीत, तेव्हा गायक त्यांच्यासाठी गाणे थांबवून धरू शकतो का, एवढेच पाहा. कृपया हे स्वतः तपासून पाहा.